फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर हृदयाची काळजी: कोकणात राहून कशी घेता?

सुरंगी | ११ जून

नमस्कार मंडळी,

माझी वहिनी मालवण तालुक्यात राहते, वय चाळिशीच्या आतलं. तिला इडिओपॅथिक पल्मनरी आर्टरियल हायपरटेन्शन होतं. म्हणजे हृदयातून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून जाड आणि अरुंद होत गेल्या आणि त्याचं कारण काही सापडलं नाही. निरोगी माणसात या वाहिन्यांतला सरासरी दाब १४ मिमी पाऱ्याच्या आसपास असतो, २० च्या वर गेला की आजार धरतात. तिचा साठीच्या वर होता. दाब उतरवायच्या गोळ्यांत सिल्डेनाफिल झालं, मॅसिटेंटान झालं, सेलेक्सिपॅगही झालं. विहिरीवरून कळशी आणताना चक्कर येऊन पडायला लागली तेव्हा चेन्नईच्या एका केंद्रात नाव नोंदवलं. दोन्ही फुफ्फुसं बदलली. आता ती घरी आहे, ऑक्सिजनशिवाय वावरते.

खर्च, वेटिंग लिस्ट, दाता यावर सगळीकडे बोललं जातं. हृदयावर फार कमी. आजार फुफ्फुसांचा, ती बदलली की सुटलो, असंच नातेवाइकांना वाटतं. पण छातीत हृदय जुनंच राहतं आणि त्याने कित्येक वर्षं त्या दाबाशी झुंज दिलेली असते.

आयसीयूत तिची नवी फुफ्फुसं पाण्याने भरायला लागली तेव्हा दादाने पहिलं विचारलं, रिजेक्शन आहे का, म्हणजे शरीर नवी फुफ्फुसं नाकारतंय का? तिथल्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून समजावलं. या आजारात उजवी बाजू दाबाविरुद्ध ढकलून ढकलून जाड होते आणि फुगते. डाव्या बाजूला मात्र वर्षानुवर्षं रक्तच कमी पोचतं, शिवाय फुगलेली उजवी बाजू मधल्या पडद्याला तिच्याकडे रेटत असते, त्यामुळे ती लहान आणि कडक होऊन बसते. नवी फुफ्फुसं बसली की अडथळा एका दिवसात नाहीसा होतो आणि सगळं रक्त डाव्या बाजूवर येऊन आदळतं. जेमतेम ओल राहिलेल्या पाटात एकदम धरणाचं पाणी सोडलं तर ते काठावरून शेतात पसरतं, तसं ते रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं आणि पाणी झिरपतं. एक्स-रेत हे आणि नव्या फुफ्फुसाची सुरुवातीची इजा, म्हणजे प्रायमरी ग्राफ्ट डिस्फंक्शन, दिसायला सारखंच. एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ (प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर ढकलतो) साठ टक्के लिहिलेला होता. दादा म्हणाला, मग हृदय तर नॉर्मल आहे की! डॉक्टर म्हणाले, ईएफ आकुंचन सांगतो. हिचं अडतंय ते सैल पडून रक्त भरून घेण्यात.

म्हणून ऑपरेशन झाल्यावरही एक्मो, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरून ते परत सोडणारं मशीन, लगेच काढलं नाही. जांघेतल्या नळ्यांतून थोडं रक्त मशीनमार्गे फिरत राहिलं. वहिनी त्या अवस्थेत जागी होती, पाटीवर लिहून बोलायची. पहिलं वाक्य लिहिलं ते ‘मुलग्याची परीक्षा कशी गेली’. मशीनचा फ्लो रोज थोडा थोडा उतरवला, डाव्या बाजूला सवय होऊ दिली.

हे सगळं पार पडलं. आता जे विचारायचंय ते असं. गेल्या काही दिवसांपासून संध्याकाळी तिला छातीत फडफडल्यासारखं होतं. ऑक्सिजन ९६-९७, ताप नाही, फुंकायच्या मशीनचे आकडे पडलेले नाहीत. पण ऑक्सिमीटरवर नाडी १४८-१५० दाखवतो. झोपून राहिली तरी तेवढीच. आत्ताही तसंच आहे. गावातले म्हणतात मनाने घेतलंय. कुणाला असा अनुभव आहे का?


आगोट | ११ जून

सुरंगी, मी फिजिशियन आहे, रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. धाग्यावर निदान करत नाही, पण ही गोष्ट उद्यावर टाकू नका. आज, आत्ता ईसीजी काढा.

घाबरल्याने किंवा तापाने वाढलेली नाडी हलत असते. उठलं की चढते, झोपलं की उतरते, १३२, १२५, १४०. तुम्ही सांगताय ती दीडशेच्या आसपास चिकटून बसलीय. एट्रियल फ्लटरमध्ये असं होतं. वरचा कप्पा मिनिटाला तीनशेच्या आसपास फडफडतो आणि त्यातला एकाआड एक ठोका खाली उतरतो, म्हणून खाली दीडशे. ऑक्सिमीटर एवढंच सांगेल. लय कोणती आहे हे फक्त ईसीजीत कळतं.

फुफ्फुस बदलताना दात्याच्या फुफ्फुसाच्या शिरा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या पट्टीसकट शिवतात. त्या टाक्यांभोवती व्रण होतो आणि विजेचा प्रवाह त्याला वळसा घालत गोल फिरत राहू शकतो. पहिल्या दोन आठवड्यांत ही गडबड पुष्कळ पेशंटमध्ये होते. नंतर उशिरा झाली तर नुसतं हृदय बघून थांबू नये. रिजेक्शन, इन्फेक्शन, क्षार, औषधांची पातळी, सगळं तपासायचं.

जिथे न्याल तिथे दोन गोष्टी आधी सांगा: ‘लंग ट्रान्सप्लांट आहे, टॅक्रोलिमस (रिजेक्शन टाळायची गोळी) चालू आहे’ आणि ‘कुठलंही इंजेक्शन देण्याआधी चेन्नईच्या टीमशी बोला’. फोन लावून तो डॉक्टरांच्या हातात द्या. निरोप सांगत बसू नका.


पाणंद | ११ जून

सुरंगी, आधी वयनीक घेऊन जा गो. धाग्यार मागाहून लिव. पावस वाढलो तर रस्त्यार पाणी येता, उजेड आसा तवसर निघा. गाडी व्हयी तर माका व्यनि (खाजगी निरोप) कर, मी कुडाळातच आसंय.


खाडीकाठ | १२ जून

काल रात्री वाचलं, तेव्हा तुम्ही निघाला असाल. वहिनी कशा आहेत ते सवडीने कळवा.

मी स्वतः पेशंट. माझ्या हृदयाच्या वरच्या पडद्याला जन्मतः छिद्र होतं, ते कळेपर्यंत फुफ्फुसांतला दाब इतका वाढला होता की नुसतं छिद्र बुजवून चालणार नव्हतं. एकाच ऑपरेशनमध्ये छिद्र शिवलं आणि दोन्ही फुफ्फुसं बदलली. त्याला आता काही वर्षं झाली. बागेत जातो, कलमांवर चढत नाही.

घरी काय बघायचं ते सांगतो, कारण डिस्चार्जच्या कागदावर ते असतं पण घरी आल्यावर घडी पडून राहतं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन. काटा लादीवर ठेवायचा, सारवलेल्या जमिनीवर तो डुगडुगतो आणि किलोभर इकडचं तिकडे दाखवतो. मग बीपी आणि नाडी, ओटीवर पाच मिनिटं शांत बसून. मग स्पायरोमीटर, म्हणजे फुंकायचं मशीन. चार आकडे वहीत. आमच्या टीमचा नियम असा की दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं की फोन करायचा, फुंकण्याचा आकडा स्वतःच्या नेहमीच्या आकड्याच्या दहा टक्क्यांनी पडला की फोन करायचा. बायको आठवड्याने नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरते आणि खळगा राहतो का बघते. वजन आणि खळगा हृदय-किडनीकडे बोट दाखवतात, स्पायरोमीटर फुफ्फुसाकडे. दम लागला की नेमका कुठून लागतोय हे शोधायला चेन्नईच्या डॉक्टरांना ही वही एक्स-रेइतकीच उपयोगी पडते, त्यांनीच तसं सांगितलं.

उजव्या बाजूचं विचाराल तर ती सुधारते. माझ्या एकोत ऑपरेशनआधी उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा दिसायचा. दाब उतरला तो लगेच, कप्प्याचा आकार मात्र पुढच्या काही महिन्यांत हळूहळू आटोक्यात आला, झडपेची गळतीही कमी झाली. दाबाच्या जुन्या गोळ्या बंद केल्या तेव्हा आई घाबरली होती. तिला वाटलं विसरले. त्या गोळ्या जुन्या फुफ्फुसांतल्या वाहिन्यांसाठी होत्या, त्या वाहिन्याच आता नाहीत.


सुरंगी | १४ जून

सगळ्यांचे मनापासून आभार. आगोट डॉक्टर, तुम्ही त्या दिवशी लिहिलं नसतं तर आम्ही सकाळपर्यंत थांबलो असतो.

जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, फ्लटरच निघालं. दादाने चेन्नईच्या कोऑर्डिनेटरला फोन लावून तो डॉक्टरांच्या हातात दिला. तिथून गोव्याला हलवायचं ठरलं. कुडाळ, सावंतवाडी, बांदा, सगळा रस्ता धो धो पाऊस. वहिनी मागच्या सीटवर अर्धवट बसलेली, बोटाला ऑक्सिमीटर, आणि आकडा १५०, १४९, १५०. पत्रादेवी नाक्यावर ती दादाला म्हणाली, “सारखं त्या मशीनकडे बघू नको, समोर बघ.”

गोव्यात आधी अन्ननलिकेतून एको केला. लय बिघडून नक्की किती वेळ झाला ते सांगता येत नव्हतं आणि कप्प्यात गुठळी असताना शॉक दिला तर ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते. गुठळी नव्हती. मग भूल देऊन एक शॉक, आणि पडद्यावर सरळ लय आली. नाडी ८४.

रक्तात मॅग्नेशियम कमी, पोटॅशियम ५.६, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वर, आणि टॅक्रोलिमसची पातळी १९. तिची ठरवून दिलेली पातळी ८ ते १२. शोध घेतल्यावर कळलं, घसा बसला म्हणून तिला एका क्लिनिकमधून क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स दिला होता. क्लिनिकला तिची फाइल दाखवलेली होती. आता रक्त पातळ करायची गोळी आणि नाडी आवरायला थोडं मेटोप्रोलॉल चालू केलंय. पुढच्या आठवड्यात चेन्नईला, रिजेक्शन नाही ना याची खात्री करायला ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची नळी फुफ्फुसांत घालून तुकडा घेणं.

मला एक कळत नाही. शॉकच्या आधी तिथल्या एका तरुण डॉक्टरने अमिओडेरॉनचं नाव काढलं तेव्हा फोनवर चेन्नईवाले लगेच नको म्हणाले. का?


बकुळी | १४ जून

माहेर गुहागर, नोकरी मुंबईत, कार्डियाक आयसीयूत स्टाफ नर्स आहे. वहिनींचं वाचून जीव भांड्यात पडला.

अमिओडेरॉन लय सुधारायला उत्तम औषध आहे, पण ते फुफ्फुसाला इजा करू शकतं. शिवाय टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं, आणि वहिनींची आधीच वाढलेली. काही ठिकाणी थोड्या दिवसांसाठी देतात, पर्याय नसेल तर द्यावंच लागतं. पण आधी दुसरे रस्ते बघतात. डिल्टियाझेमचंही तसंच, नाडी आवरतं पण टॅक्रोलिमस चढवतं. दिलं तर टॅक्रोलिमसचा डोस कमी करून पातळी पुन्हा मोजायला लागते.

मला लिहायचंय ते आयसीयूतल्या पहिल्या दिवसांबद्दल, कारण बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना तिथल्या निर्णयांचा अर्थ लागत नाही. काल म्हणतात पाणी देऊ नका, आज सलाईन लावतात, म्हणजे यांना काही कळतं की नाही, असा चेहरा असतो लोकांचा. त्यामागचं कारण असं. नव्या फुफ्फुसांना कोरडं ठेवायचं असतं, ती पाणी लवकर धरतात. डाव्या बाजूलाही जास्त रक्त झेपत नाही. म्हणून लॅसिक्स देऊन पाणी काढत राहतात. उजवी बाजू मात्र जाड स्नायूची, तिला भरायला पुरेसं रक्त लागतं. फार कोरडं केलं तर बीपी पडतं आणि किडनी रुसते. दोघांचं एकाच वेळी भागवायचं असतं, आणि तोल तासातासाला बदलतो.

त्यात आणखी एक अवघड प्रकार आहे. वर्षानुवर्षं प्रचंड दाबाविरुद्ध ढकलणारा उजवा कप्पा, समोरचा दाब अचानक नाहीसा झाला तरी तेवढ्याच जोराने आवळतो. स्नायू इतका जाड असतो की आवळताना त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि रक्त बाहेर जायची वाट तोच बंद करतो. बीपी धाडकन खाली. बीपी पडलं की हात सवयीने ॲड्रेनालिन, डोब्युटामिन अशा जोर वाढवणाऱ्या औषधांकडे जातो. इथे जोर वाढवला की वाट आणखी बंद होते! उपाय उलटा: जोराची औषधं कमी करा, थोडं रक्त किंवा पाणी भरा, नाडी सावकाश करणारं बीटा ब्लॉकर द्या. फरक फक्त एको लावून कळतो. अशा वेळी खाटेशेजारी एको मशीन आणि ते वाचणारा माणूस रात्री दोनलाही हजर असावा लागतो. केंद्र निवडताना किती प्रत्यारोपणं केली एवढंच लोक विचारतात. रात्री एको कोण करतं हेही विचारा.


रातांबा | १५ जून

माझ्या आईला हाच आजार आहे, आम्ही दापोलीकडचे. नाव नोंदवायचं चाललंय. तिचं उजवं हृदय खूप फुगलंय, पायाला सूज, पोटात पाणी. मग फुफ्फुसांबरोबर हृदयही का बदलत नाहीत? एकदाच काय ते होऊन जाईल असं बाबा म्हणतात.


आगोट | १५ जून

बाबांचा प्रश्न अगदी योग्य आहे. एके काळी वैद्यकशास्त्राचंही हेच उत्तर होतं. १९८१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉ. ब्रूस राइट्झ यांच्या चमूने हृदय आणि फुफ्फुसं एकत्र बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, ती पल्मनरी हायपरटेन्शनच्याच पेशंटवर. एवढं थकलेलं उजवं हृदय पुन्हा उभं राहणार नाही असं तेव्हा धरलं जायचं.

पुढे दोन्ही फुफ्फुसं बदललेल्या पेशंटचे एको बघताना कळलं की दाब गेल्यावर उजवी बाजू सावरते, खूप बिघडलेली असली तरी. खाडीकाठ यांनी वर तेच लिहिलंय. त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी दोन्ही फुफ्फुसं बदलतात आणि हृदय आहे ते ठेवतात. डावी बाजूच निकामी असेल किंवा जन्मजात दोष गुंतागुंतीचा, न शिवता येण्यासारखा असेल, तेव्हा हृदयासकट बदलायचा विचार होतो. दुसरं कारण दात्यांचं. हृदय आणि दोन्ही फुफ्फुसं एकाच दात्याकडून जुळून मिळायला फार थांबावं लागतं, आणि तेच हृदय दुसऱ्या कुणाचा जीव वाचवू शकतं.

एक स्पष्ट सांगतो. इतर आजारांपेक्षा या आजारात प्रत्यारोपणानंतरचे पहिले तीन महिने जास्त धोक्याचे असतात आणि त्यात हृदयाचा वाटा मोठा. पण जे पहिलं वर्ष पार करतात त्यांची पुढची वाटचाल इतर अनेक आजारांतल्या पेशंटपेक्षा चांगली होते. आईला सूज आणि पोटात पाणी असेल तर नाव नोंदवायला उशीर करू नका. लिव्हर आणि किडनी थकण्याआधी ऑपरेशन झालेलं बरं. आणि राज्याबाहेर नोंदणीची काळजी नको: रहिवासी दाखल्याची अट २०२३ मध्ये केंद्राने काढून टाकलीय. वयाची अटही.


हापूस_कलम | १६ जून

अर्जुनाच्या सालीचा काढा हृदयाला चांगला असतो. आणि गुळवेल, आमच्याकडे कुंपणावरच आहे, प्रतिकारशक्तीसाठी घरातले सगळे घेतात. वहिनींना थोडी थोडी सुरू करायला हरकत नसावी.


तिरफळ | १६ जून

हापूस_कलम, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण कृपया असं कुणालाही सुचवू नका. प्रत्यारोपण झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती औषधं देऊन मुद्दाम दाबलेली असते, नाहीतर शरीर नव्या फुफ्फुसांवर तुटून पडेल. तिला चेतवणारं काहीही पोटात जाता कामा नये. अर्जुनाचा काढा आणि ही औषधं एकत्र घेतल्यावर काय होईल हे तपासून बघायची जागा वहिनींचं शरीर नव्हे.

कणकवलीत माझं मेडिकल आहे. सुरंगी यांनी क्लॅरिथ्रोमायसिनचं लिहिलं ते वाचून वाईट वाटलं, कारण हे काउंटरवर अडवता येण्यासारखं होतं. टॅक्रोलिमस आतड्यात आणि लिव्हरमध्ये ज्या एन्झाइमने मोडतं, तेच एन्झाइम कित्येक साधी औषधं बंद पाडतात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल या गोळ्या, डिल्टियाझेम, व्हेरापामिल. यांनी पातळी चढते, मग हात थरथरतात, बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, पोटॅशियम चढतं, मॅग्नेशियम लघवीतून निघून जातं. पोटॅशियम-मॅग्नेशियम बिघडलं की हृदयाची लय बिघडायला निमित्त पुरतं. वहिनींच्या रिपोर्टात अगदी हीच साखळी दिसते. उलट टीबीचं रिफाम्पिसिन, फिटची फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन पातळी पाडतात, मग रिजेक्शनची भीती. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन पातळीशी खेळत नाहीत, पण किडनीला मारतात, अंगात पाणी धरून ठेवतात आणि बीपी चढवतात. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही टीमला विचारून.

टॅक्रोलिमसची कंपनी परस्पर बदलू नका. दुकानदार म्हणेल तेच आहे, पण कंपनी बदलली की पातळी पुन्हा मोजायला हवी. पावसाळ्यात रस्ते आणि कोकण रेल्वे दोन्ही एकदम बंद पडू शकतात. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा माल कित्येक दिवस आला नव्हता. मेच्या अखेरीस दीड-दोन महिन्यांचा साठा घरात हवा, माडीवर, कोरड्या डब्यात.

आणि रक्त तपासायला जाताना सकाळची गोळी सोबत न्या, खाऊन जाऊ नका. रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळच्या डोसच्या आधी रक्त द्यायचं. गोळी खाऊन रक्त दिलं तर आकडा खोटाच मोठा येतो आणि त्यावरून कुणी डोस कमी केला तर उलटंच होऊन बसतं.


खाडीकाठ | १७ जून

तिरफळ यांच्या यादीत कोकणातलं एक फळ घालतो: पपनस. ग्रेपफ्रूट खाऊ नका असं प्रत्येक डिस्चार्ज कागदावर छापलेलं असतं, आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातो? पण पपनस त्याच जातकुळीतलं, तेच एन्झाइम बंद पाडतं आणि टॅक्रोलिमस चढवतं. गणपतीत प्रत्येकाच्या माटवीला पपनसं टांगलेली असतात, विसर्जनानंतर सोलून वाटतात. माटवीला बांधायला हरकत नाही, वहिनींच्या ताटात नको.

शहाळ्याचंही सांगतो. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. ग्लासभर शहाळ्याच्या पाण्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला उत्तम. टॅक्रोलिमस पोटॅशियम अडवून धरतं, इन्फेक्शन टाळायची सेप्ट्रानची गोळी चालू असेल तर तीही धरते. वहिनींचा ५.६ होता. टीमने हो म्हणेपर्यंत शहाळं बंद.

मग मीठ. सुकट, सुका बोंबील, खारवलेला बांगडा, फेण्या, लोणचं. पावसात मासेमारी बंद असते तेव्हा आपलं जेवण यावरच चालतं. मीठ गेलं की पाणी अंगात राहतं, दुसऱ्या दिवशी काटा सांगतो. आमच्या घरी पावसाळ्यात माझ्यासाठी कुळथाची पिठी वेगळी, बेताच्या मिठाची. मुलं म्हणतात बाबांची पिठी अळणी, पण आता आईही तीच जेवते, तिचं बीपी उतरलंय.

सुरुवातीच्या लयीच्या गडबडी संपल्या की हृदयाचा धोका बदलतो. टॅक्रोलिमसने बीपी वाढतं, ते आणि स्टेरॉइड मिळून साखर आणतात, कोलेस्टेरॉल चढतं, किडनी सावकाश झिजते. म्हणजे नव्या फुफ्फुसांच्या माणसाला आपल्या गावातल्या कुठल्याही प्रौढ माणसासारखाच हार्ट अटॅकचा धोका, फक्त जास्त लवकर. मला बीपीच्या दोन गोळ्या, स्टॅटिन आणि रोजची चाल आहे. खाडीच्या बांधावरून, ऊन चढायच्या आत.


सुरंगी | २८ जून

चेन्नईहून आलो. बायोप्सीत रिजेक्शन नाही. ब्रॉन्कोस्कोपीआधी रक्त पातळ करायची गोळी त्यांनी सांगितली तेव्हा थांबवली आणि नंतर परत सुरू केली. ज्यांना ही गोळी चालू असेल त्यांनी तारीख घेतानाच टीमला सांगा, कारण गोळी चालू असताना तुकडा घेतला तर रक्तस्राव होऊ शकतो. टॅक्रोलिमस ९.४, मॅग्नेशियमच्या गोळ्या चालू, पोटॅशियम ४.७. एकोत उजवा कप्पा आणखी आवरलाय. फ्लटर परत आलं तर कॅथेटरने तो व्रणाभोवतीचा मार्ग जाळता येतो, असं तिथल्या हृदयविकारतज्ज्ञांनी सांगितलं. आत्ता गरज नाही.

दादाने एक काम केलंय. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत लिहून घेतलं: लंग ट्रान्सप्लांट, चालू औषधं, कोऑर्डिनेटरचा चोवीस तासांचा नंबर, ‘विचारल्याशिवाय नवीन औषध देऊ नये’. एक प्रत वहिनीच्या पिशवीत, एक गाडीत, एक गावातल्या दवाखान्यात, एक मेडिकलमध्ये. क्लिनिकवाल्या डॉक्टरांना तो स्वतः जाऊन भेटला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि नंबर आपल्या मोबाइलमध्ये भरून घेतला.

लावणीच्या दिवसांत तिला शेतात उतरू देत नाही. चिखलातून लेप्टोची भीती, कुजलेल्या पेंढ्याची बुरशीही वाईट. ती पडवीत बसून भात कुठे पोचलं ते विचारत राहते.


रातांबा | २९ जून

खूप बरं वाटलं वाचून. आईची चेन्नईची तारीख मिळाली. हृदयाबद्दल तिथे नेमकं काय काय विचारू? एकदा आत गेलं की सुचत नाही.


आगोट | २९ जून

लिहून न्या. डावी बाजू भरून घ्यायला किती कडक आहे, कॅथमध्ये (हृदयात बारीक नळी घालून करतात त्या तपासणीत) तिचा दाब किती आला. ऑपरेशननंतर एक्मो किती दिवस ठेवायचा त्यांचा शिरस्ता आहे, आणि पेशंटला जागं ठेवतात का. लय बिघडली तर पहिलं औषध कोणतं वापरतात. रात्री एको कोण करतं, बकुळींनी सांगितलं तेच. डिस्चार्जनंतर किती महिने चेन्नईतच राहायचं. गावी परतल्यावर टॅक्रोलिमसची पातळी कुठल्या लॅबमधली चालेल, कारण दरवेळी एकाच लॅबची असलेली बरी. पन्नाशीच्या पुढच्या पेशंटची कोरोनरी अँजिओग्राफी सहसा आधीच करून घेतात, आईचं वय तेवढं असेल तर तेही विचारा.


सुरंगी | २९ जून

रातांबा, आईचा कॅथ रिपोर्ट हाताशी ठेवून मला व्यनि करा. हॉस्पिटलजवळ राहायला खोली आणि मराठी बोलणारी एक कोऑर्डिनेटर, दोन्हींची माहिती दादाकडे आहे. रविवारी दुपारी तो घरी असतो, तेव्हा फोनवर सविस्तर बोलेल. वहिनीही आईंशी बोलेन म्हणते.